चार सावल्यांचा गोली

१

चौकट जागेवर होती. तिच्यावर टाकलेला पांढरा पंचाही जागेवर होता. शनिवारी सकाळी शरद फणसे यांनी तो पंचा उचलला आणि क्षणभर त्यांना वाटलं, आपण अजून झोपेतून उठलेलोच नाही. चौकटीत काच नव्हती. आदल्या सकाळी स्वतःच्या हातांनी काचेमागे बसवलेले हातमोजेही नव्हते. होतं ते नुसतं रिकामं लाकूड, आणि त्यातून दिसणारी भिंत.

बाहेर विजय नगरावर जानेवारीचं धुकं उतरलं होतं. समोरच्या इमारतींचे खालचे मजले त्यात विरघळून गेले होते. वरचे मजले वाळत घातलेल्या कपड्यांसकट, कुठेतरी जायला निघाल्यासारखे तरंगत होते.

"निशी, येऊन जा," शरदकाकांनी पुतणीला फोन लावला. "उदयचे ग्लोव्हज गेले."

निशिगंधा पलासियात पॅथॉलॉजीची लॅब चालवत असे. ती मुळातच कमी बोलायची. बाटलीतला गाळ खाली बसेपर्यंत जशी थांबायची, तशीच ती माणसांपुढेही थांबायची. मग माणसं आपोआप बोलत. तिने रिकामी चौकट पाहिली, मागची खोली पाहिली. या खोलीला एकच दार होतं आणि ते स्वयंपाकघरात उघडत होतं. स्वयंपाकघराला लागून छोटी गॅलरी होती.

"पुलिसला नको हं सांगू," काका म्हणाले. "उद्याचं प्रदर्शन आहे. पलकला काय तोंड दाखवू मी?"

मालवा चकोर हे नाव आता निम्म्या इंदूरला आठवत नाही. तेरा-चौदा वर्षांपूर्वी हा पगारी खेळाडूंचा फुटबॉल क्लब निघाला आणि दोन हंगाम जगून संपला. शरदकाका त्याचे सचिव होते. पहिल्या हंगामात चकोरने भल्याभल्यांना हरवलं. दुसऱ्या हंगामात खंडवा रोडच्या मैदानावर मोठे दिवे लागले, सामने संध्याकाळी होऊ लागले, गर्दी वाढली, आणि संघ मात्र घसरत गेला. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली असती तरी क्लब वाचला असता. पण खेळ संपता संपता, धुक्यातून लोळत आलेला एक साधा चेंडू गोलरक्षक उदयसिंह शिर्के यांच्या शेजारून आत गेला. प्रायोजकांनी हात वर केले. गावाला कारण हवं होतं, ते त्याला त्याच रात्री मिळालं: गोली, म्हणजे गोलरक्षक, पिऊन उतरला होता.

उदयसिंह जाऊन चार वर्षं झाली. त्यांची मुलगी पलक आता मुलींना फुटबॉल शिकवत होती. आपल्या मुलींच्या संघाला तिला तेच नाव हवं होतं. नाव जुन्या समितीच्या ताब्यात होतं, आणि समिती उद्या, रविवारी, पलासियातल्या प्रदर्शनानंतर निर्णय घेणार होती. समितीतले दोघे-तिघे आधीच कुजबुजत होते की ज्याने क्लब बुडवला त्याच्याच मुलीला नाव कसं द्यायचं. वडिलांचे शेवटच्या सामन्यातले हातमोजे पलकनेच घरातून शोधून शुक्रवारी आणून दिले होते. आईला न सांगता.

"आणि गंमत बघ," काका म्हणाले. "मुक्कामाला आलेल्या भूषणने काल सकाळी ते हातात घेतले आणि म्हणाला, काका, हे उलटे झिजलेत. तळवे नव्यासारखे, पाठीला भोकं. मी म्हटलं, आमच्या निशीला दाखवू, ती मायक्रोस्कोपखाली बघेल."

एवढ्यात खालून कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं. इंदिराकाकू पदर खोचून गॅलरीतले डबे उचलू लागली.

"काकू, थांब!"

"अगं, गाडी निघून जाईल! मग काय दिवसभर कालच्या हळदीकुंकवाचा कचरा घरात ठेवू?"

"ठेव," निशिगंधा म्हणाली.

तिने हॉलमध्ये जुने पेपर पसरले आणि सुक्या कचऱ्याचा डबा पालथा न करता वरून एकेक वस्तू काढत गेली. आधी हळदीकुंकवाच्या कागदी डिश आणि चहाचे कप. त्यांच्या खाली चौकटीच्या पाठीचा पुठ्ठा, मधोमध मोडलेला. त्याखाली काकूचं नेहमीचं, रिकाम्या पुड्या वगैरे. काच तिथे नव्हती. ती सापडली घातक कचऱ्याच्या लहान डब्यात. तुकडे पेपरमध्ये गुंडाळलेले, वरून सुतळीने बांधलेले.

शरदकाकांना एवढ्या दुःखातही हसू फुटलं. "चोर अपने इंदौरचाच आहे बुवा. घर फोडलं, पण कचरा वेगळा केला."

निशिगंधा हसली नाही. ती त्या थरांकडे पाहत होती.

"काका, रात्री इथे बाहेरचं कोण झोपलं होतं?"

"दोघं. आणि दोघांनाही ते ग्लोव्हज हवे होते."

२

त्यातला एक शंतनू. तो पुण्याहून चकोरवर माहितीपट करायला आला होता आणि हॉलमधल्या सोफ्यावर मुक्काम ठोकून होता.

"मी मागितले होते, खरंय," तो पोह्यांची डिश हातात घेऊन म्हणाला. "शेवटच्या दृश्यासाठी. काकांनी नाही म्हटलं, विषय संपला. काल दुपारपासून मी होळकरांच्या समाध्यांपाशी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर होतो. नदीवरचा उजेड टिपायचा होता. परत आलो तेव्हा काकूंनी डिश आवरल्या होत्या."

बोलता बोलता त्याने माइकचा संपलेला सेल काढला आणि शेजारच्या डब्यात टाकला.

"ओ पुणेकर!" काकू आतून ओरडली. "सेल त्यात नाही! तो लाल डबा कशाला ठेवलाय, शोभेला?"

"सॉरी काकू. किती डबे आहेत तुमच्याकडे?"

"चार दिवस झाले राहून, अजून विचारतोय!"

निशिगंधाने मनातल्या मनात शंतनूचं नाव खोडलं. काचेचे तुकडे सुतळीने बांधून योग्य डब्यात ठेवणारे हात हे नव्हेत. घाईतही ज्या हातांना ती सवय सुटत नाही, ते हात इथलेच.

दुसरा भूषण. चकोरचा राखीव गोलरक्षक, जन्माने इंदूरचा, आता कोल्हापुरात प्रशिक्षक. मागच्या खोलीत, त्या चौकटीसमोरच तो झोपला होता.

"ताई, ग्लोव्हज मीही मागितले होते, दोस्ताची आठवण म्हणून. पण पंचा मी उचललाच नाही," तो म्हणाला. "खरं सांगू? नको वाटत होतं बघायला. काल दिवसभर मी काकांबरोबर पलासियात टेबलं लावत होतो. संध्याकाळी सोबतच आलो, विचारा त्यांना."

काकांनी मान डोलावली.

"उदयसिंह खरंच पिऊन उतरले होते?"

भूषणने पोह्यांवरची शेव बोटाने एका बाजूला केली. "मी बाकावर बसलो होतो. मैदानात उतरताना तो बाकाला अडखळला. लोकांनी बघितलं. पण वास नव्हता ताई. मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं. तर म्हणाले, दोस्त आहे, झाकतोय. राखीव गोलीची गवाही कोण मानतो?"

"खेळायचे कसे?"

"पहिल्या सीझनला? अरे, दीवार होता भिया! म्हणजे, ताई." तो ओशाळला. "समोरचा स्ट्रायकर चेंडू मारायच्या आधीच हा तिथे पोचलेला. दुसऱ्या सीझनला काहीतरी बिघडलं. कधी तो जुना उदय, कधी असा उभा." भूषण उठला, दाराच्या चौकटीशी पाठमोरा उभा राहिला आणि उजव्या हाताची पाठ मागे नेऊन त्याने लाकडाला टेकवली. मग डावा हात, दुसऱ्या बाजूला. "असं सारखं मागे चाचपायचा. खांब पळून जाणार आहे का?"

"सारखं?"

"नाही. कधी कधी. म्हणून तर लोक म्हणाले, ज्या दिवशी पितो त्या दिवशी असं करतो."

निशिगंधाने शंतनूला विचारलं, "तुझ्याकडे त्या दोन्ही हंगामांचं चित्रीकरण आहे?"

शंतनूने लॅपटॉप उघडला. जुन्या, थोड्या धूसर चित्रांतून निळ्या-चंदेरी जर्सीतली माणसं पाण्याखाली असल्यासारखी हलत गेली. निशिगंधा एकेक चित्र थांबवत होती. चेंडू ती बघतच नव्हती, तिची नजर गवतावर होती.

"इथे त्यांची सावली एक आहे," ती हळूच म्हणाली. "आणि इथे चार."

३

दुपारच्या उन्हात माणसाला एक सावली असते. मैदानाच्या चार कोपऱ्यांतले दिवे लागले की त्याच माणसाच्या पायांतून चार फिकट सावल्या फुटतात, फुलाच्या पाकळ्यांसारख्या. ज्या चित्रांत उदयसिंहांची एकच सावली होती, तिथे ते हवेत झेपावलेले होते आणि चेंडू त्यांच्या हातात होता. पहिल्या हंगामात मैदानाला दिवेच नव्हते. दुसऱ्या हंगामात बाहेरगावी दुपारी झालेल्या सामन्यांतही ते तसेच होते, जुनी दीवार. आणि ज्या ज्या चित्रांत चार सावल्या होत्या, तिथे त्यांचे हात मागे होते, खांब चाचपत.

"बिघाड हंगामाचा नाही," निशिगंधा म्हणाली. "दिवसातल्या वेळेचा आहे."

"मतलब?" भूषणने विचारलं.

ती उत्तर देणार तोच दाराची बेल वाजली. दारात पलक होती, ट्रॅकसूटमध्ये, केस ओले, खांद्यावर चेंडूंची जाळी. सकाळचा सराव उरकून ती सरळ इकडेच आली होती. काकांचा चेहरा पाहून तिला कळायला वेळ लागला नाही.

"किसने किया?" ती म्हणाली. मग खुर्चीत बसली आणि जाळी पायांशी सोडली. चेंडू हळूहळू खोलीभर पसरले. कोणी उचलले नाहीत.

"निशीमावशी, मला ग्लोव्हज नकोत. नाव पाहिजे. माझ्या मुलींच्या छातीवर मला चकोर पाहिजे, बस. उद्या समितीत कोणी विचारलं, बेटा, तुझे पापा प्यायचे का, तर मी काय सांगू? मलाच माहीत नाही!"

"घरी कधी पाहिलंस?"

"कधीच नाही. पण आईला विचारलं की ती म्हणायची, सोड ना. नाही असं कधी नाही म्हणाली." पलकने ओठ दाबले. "माझ्या सकाळच्या मॅचला पापा सगळ्यांच्या आधी हजर. संध्याकाळच्या मॅचला एकदाही नाही. एकदाही! दिवेलागण झाली की घरात. आणि गेले तेही तसेच, लाइट गेलेली असताना जिन्यावरून पडून. स्मशानात लोक म्हणत होते, पिऊन पडला. मी तिथे उभी होते मावशी, मला ऐकू येत होतं."

बाहेर धुकं विरत होतं आणि समोरच्या इमारतींना परत पाय फुटत होते.

निशिगंधा पसरलेल्या पेपरांकडे गेली. सकाळचे थर तिने तसेच ठेवले होते. वर डिश आणि कप. खाली पुठ्ठा.

"काकू," तिने हाक मारली, "काल डिश कधी टाकल्यास?"

"शेवटची बाई गेली तशा लगेच. मग ही मंडळी आली."

"म्हणजे त्याआधी पुठ्ठा डब्यात होता."

शंतनू आणि भूषणने एकमेकांकडे पाहिलं. दोघेही तेव्हा घरात नव्हते. काकाही नव्हते. हातमोजे गेले ते रात्री, अंधारात नाहीच. घर बायकांनी भरलेलं असताना, हळदीकुंकू चालू असताना ते गेले.

"अशक्य!" इंदिराकाकू म्हणाली. "काल माझ्या हॉलमधून एकही बाई उठलेली नाही. शपथेवर सांगते."

४

निशिगंधाने काकूला एकटीला स्वयंपाकघरात नेलं आणि पाटावर बसवलं. काकू दुखावली होती. तिच्या घरात, तिच्या सणाला, तिच्या मैत्रिणींवर आळ येत होता.

"सगळ्या आल्या, सतरंजीवर बसल्या," काकू बोटांवर मोजू लागली. "वरच्या मजल्यावरची अस्मिता, तिची सासू, बँकेतली ती ईशा, भिशीच्या सगळ्या जणी. मी एकेकीला हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, तीळगूळ दिला, वाण दिलं. एक सुटली नाही. मग उखाण्यांना रंग चढला. ईशाने तर हिंदीतच घेतला उखाणा, काय हसलो आम्ही! कोणी आत यायचं तर माझ्यावरून जावं लागलं असतं, मी दारातच बसले होते."

"जिला जिला कुंकू लावलंस, ती हॉलमध्येच होती."

"हौ! तेच तर सांगतेय."

निशिगंधा ओट्याकडे पाहत राहिली. धुतलेली चहाची मोठी पातेली पालथी घातली होती. ती थांबली, तिच्या नेहमीच्या पद्धतीने. मग विचारलं,

"चहा कोणी केला काकू?"

"चहा? चहा तर लक्ष्मी..." काकूचं वाक्य तिथेच लटकलं.

लक्ष्मी म्हणजे पलकची आई. उदयसिंहांची विधवा.

"अगं, ती हळदीकुंकवाला नव्हती ना," काकू घाईघाईने म्हणाली. "म्हणजे आली होती, मीच बोलावलं होतं. मी मानत नाही असलं काही. मी तिला म्हटलंही, ये गं बाहेर, आजकाल कोण पाळतं? तर म्हणाली, तुम्ही बसा वहिनी, मी आतलं बघते. मग मी फार ओढलं नाही. चारचौघींत तिलाच अवघडल्यासारखं..." काकूचे डोळे भरून आले. "मी तिला मोजलंच नाही, निशी. जिच्या कपाळाला बोट लावलं नाही, ती माझ्या मोजणीत आलीच नाही."

"भूषण हातमोज्यांबद्दल काय म्हणाला, ते तिला सांगितलंस?"

"सांगितलं की! म्हटलं, उदयभाऊंचे ग्लोव्हज आलेत, उलटे झिजलेत म्हणे, आमची निशी मायक्रोस्कोपखाली बघणार आहे. मला वाटलं, तिला बरं वाटेल."

दाराआड काहीतरी हललं. निशिगंधाने वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक चेंडू येऊन थांबला होता, आणि तो उचलायला आलेली पलक वाकलेल्या अवस्थेतच थिजली होती.

"आईने?" ती म्हणाली. "माझ्याच आईने?"

५

"तू येऊ नकोस," निशिगंधाने पलकला सांगितलं होतं. "आज ती माझ्याशी बोलेल. तुझ्याशी बोलायला तिला एक रात्र लागेल." पलकने ऐकलं, पण रागाने. जाताना तिने दार आपटलं.

लक्ष्मी शिर्के कृष्णपुऱ्यात राहायच्या. शिर्क्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, आणि फौजेतून उरलेल्या दोन खोल्या या घराण्याकडे अजून होत्या. संध्याकाळी लक्ष्मी छत्र्यांच्या पायऱ्यांवर येऊन बसत. निशिगंधाला त्या तिथेच सापडल्या. दगडी शिखरांवरून उजेड उतरत होता. नदीवर आणि पारव्यांच्या पंखांवर सगळीकडे एकच राखी रंग चढत होता. आकाश संपून पाणी कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं.

"ये," लक्ष्मी म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, तू येशील." त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती.

"त्यांना संध्याकाळी दिसत नव्हतं," निशिगंधा म्हणाली.

लक्ष्मींनी पिशवीवरचा हात काढला नाही.

"दिवसा स्वच्छ दिसायचं," निशिगंधा सावकाश म्हणाली. "उजेड कमी झाला की नाही. आणि बाजूचं तर अजिबात नाही. मैदानावरचे दिवे बाकीच्यांना पुरत होते, त्यांना पुरत नव्हते. आपण गोलाच्या मधोमध आहोत की नाही हे त्यांना हातांनी मागे चाचपून ठरवावं लागायचं. म्हणून हातमोज्यांची पाठ झिजली. म्हणून बाकाला अडखळले. म्हणून दिवे लागायच्या आत घरी. भूषण गोली आहे, त्याला झीज दिसली. मी पाहिली असती तर कारणही दिसलं असतं. हे तुम्हाला काकूने सांगितलं, आणि तुम्ही चहा ठेवून मागच्या खोलीत गेलात."

"पुठ्ठा काढताना काच सुटली," लक्ष्मी म्हणाल्या. "बाहेर उखाण्यावर सगळ्या हसत होत्या, कोणाला ऐकू नाही गेलं. मग म्हटलं, कोणाच्या पायात नको जायला." इतकं सांगून त्या किंचित हसल्या. "चोरी पण धड नाही आली बघ मला."

"पण का वहिनी? हे कळलं असतं तर त्यांचं नाव स्वच्छ झालं असतं."

"नाव!" लक्ष्मींनी नदीकडे पाहिलं. "त्यांचे मामा असेच होते. दिवेलागणीला ओट्यावर बसायचे ते सकाळीच उठायचे. डॉक्टरांनी सांगितलं, हे रक्तातून येतं, मुलीतही जातं. पलक तेव्हा लहान होती, चेंडूशिवाय झोपायची नाही. हे मला म्हणाले, लक्ष्मी, लोकांना दारू म्हणू दे. दारुड्याची मुलगी म्हटलं तर ती भांडेल. हे कळलं तर ती घाबरेल. घाबरलेला गोली मी पाहिलाय, म्हणाले, तो रोज आरशात असतो." त्यांनी पिशवीचे बंद मुठीत धरले. "मी शब्द दिला होता गं. दुसरं काय होतं माझ्याजवळ त्यांना द्यायला?"

पारवे एकदम उडाले आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसले.

निशिगंधाने आपल्या लॅबमध्ये कित्येकांना कित्येक गोष्टी सांगितल्या होत्या. तरीही तिने शब्द निवडून घेतले. "मामांकडून भाच्याकडे आलंय, म्हणजे ते आईच्या बाजूने येतं. असं असेल तर वडिलांकडून मुलीकडे दोष जातोच, त्यात नशिबाचा भाग नाही. पण दोष असणं आणि आंधळेपण येणं वेगळं. बहुतेक मुलींना काही होत नाही, काहींना थोडा त्रास होतो. पुढे तिला मुलगा झाला तर त्याला होऊ शकतं. हे सगळं तपासता येतं. पलक संध्याकाळी स्कूटर चालवते वहिनी. तिला ठाऊक नसणं हा तिचा बचाव नाही."

"तू सांगशील तिला?"

"नाही."

लक्ष्मींनी आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं.

"मी समितीलाही सांगणार नाही. काही मिळालं नाही म्हणेन. पण उद्या ते तिला विचारतील, आणि ती एकटी उभी असेल. चोरी कशी झाली ते तिने ऐकलंय. का झाली ते तिला माहीत नाही. तिने आज रात्री काय समजायचं, ते तुम्हीच ठरवा."

ती उठली. काही पायऱ्या उतरून तिने मागे पाहिलं, तर छत्रीच्या खांबांमधल्या राखी उजेडात लक्ष्मी दिसेनाशा झाल्या होत्या.

६

रविवारी पलासियाच्या सभागृहात बऱ्यापैकी माणसं जमली. जुन्या जर्सी, जुनी तिकिटं आणि मधल्या टेबलावर ती रिकामी चौकट. शरदकाकांनी ती तशीच ठेवली होती. लोक तिच्यापाशी थांबत, आत काहीतरी असल्यासारखे पाहत आणि पुढे जात.

समितीची बैठक तिथेच, खुर्च्या गोल मांडून झाली. पलक उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते. लक्ष्मी रात्रभर तिच्याशी काही बोलल्या नव्हत्या. सकाळी पलक उठली तेव्हा त्या घरात नव्हत्या.

समितीतले शाम रेगे खाकरले. "बेटा, नाराज होऊ नकोस. तू छान शिकवतेस, सगळे मानतात. पण मुलींचे आईबाप विचारणार. उदयसिंहजींचं ते, म्हणजे, सबको पता है..."

"काय पता आहे?" भूषण ताडकन उठला.

"बस रे भूषण. तेव्हाही तूच भांडत होतास."

"रेगेकाका," पलक म्हणाली, "मला खरंच माहीत नाही की..."

"मला माहीत आहे."

आवाज मागून आला. लक्ष्मी दारात होत्या. तिथे चहाच्या टेबलाशी इंदिराकाकू होती. तिने हातातली किटली ठेवली, पुढे होऊन लक्ष्मींचा हात धरला आणि त्यांना सगळ्यांच्या मधून चौकटीपर्यंत आणलं. त्यांनी पिशवीतून हातमोजे काढले, पाठ वर करून टेबलावर ठेवले. बोटांच्या पाठी पार विरलेल्या होत्या. शिवणीवर वेगवेगळ्या रंगांचे धागे होते. किती वेळा रफू केलं असेल, कोण जाणे.

"मी शिवायची हे," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला. कारण यांना दिवे लागले की दिसायचं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मामांचं, डॉक्टरांचं, दिलेल्या शब्दाचं. त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या, फक्त पलककडे. मुलींमध्येही जातं, हे सांगताना त्यांनी टेबलाची कड धरली.

रेगे बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तो शेवटचा चेंडू..." ते म्हणाले.

"आवाजावरून अंदाज घेतला म्हणाले. धुक्यात आवाज फसवतो."

शरदकाकांनी मत घ्यायची गरजच ठेवली नाही. नाव पलकचं झालं. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं, कारण पलकचं टाळ्यांकडे लक्ष नव्हतं. ती आईपर्यंत गेली.

"तू मला घाबरट समजलीस, आई?"

"मी घाबरट होते," लक्ष्मी म्हणाल्या.

पलकने निशिगंधाकडे पाहिलं. "मावशी, डोळ्यांचे डॉक्टर सोमवारी भेटतील?"

"भेटतील. मी येते सोबत."

"ठीक." ती भूषणकडे वळली. "भिया, बूट आणलेत?"

"आत्ता? अगं, अंधार पडतोय!"

"म्हणूनच."

खंडवा रोडच्या मैदानावरचे ते मोठे दिवे कधीच काढून नेले होते. लक्ष्मी आणि निशिगंधासह सगळे पोचले तेव्हा पश्चिमेला केशरी रेघ उरली होती आणि गवतावरून धुकं उठत होतं. पलक गोलात उभी राहिली, दोन्ही खांबांपासून दूर, मधोमध, हात पुढे. भूषणने पहिला चेंडू हलकाच टाकला. तिने घेतला आणि परत फेकला.

"लाड नको भिया! मार ना!"

भूषणने मारला. तो तिने घेतला. पुढचा, त्याच्या पुढचा. एक निसटला. लक्ष्मींनी निशिगंधाचं मनगट घट्ट पकडलं. "तो मुश्कील होता," भूषण ओरडला, "तो माझ्यानेही नसता अडवला!" पलक हसली आणि पुन्हा मधोमध येऊन उभी राहिली.

रेघ विझली. आधी दूरची झाडं गेली, मग भूषणचे पाय, मग गोलाचे खांब. निशिगंधाला ठाऊक होतं की याला तपासणी म्हणत नाहीत, यातून काहीही सिद्ध होत नाही. ती तसं बोलली नाही. थोड्या वेळाने तिला स्वतःलाच चेंडू दिसेनासा झाला. धुक्यात फक्त बुटाचा ठोका ऐकू यायचा, मग एक श्वासभर काहीच नाही, आणि मग दोन्ही तळव्यांत चेंडू थांबल्याचा भरीव आवाज.

"अजून," धुक्यातून पलक म्हणाली.